जुन्या रंध्याचा ‘बरोबर’ पार्ट: बसतो, चालतो आणि त्याचाच आहे, यातला फरक



गंजलेला लोखंडी रंधा पुन्हा कामाला लावल्याचा व्हिडिओ टाकला, आणि त्यानंतर एकच प्रश्न सगळ्यात जास्त आला: “सर, याचे पार्ट कुठे मिळतात?”

प्रश्न योग्य आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: नेमका कुठला पार्ट? “स्टॅनलीचा चार नंबर आहे, त्याचा पितळी नट पाहिजे” एवढ्या माहितीवर पार्ट मागवलात तर पैसे बुडायची शक्यता बरीच आहे. कारण चार नंबरचा रंधा शंभराहून जास्त वर्षं बनत होता, आणि त्या काळात त्याच्या आतल्या गोष्टी कितीतरी वेळा बदलल्या.

साफसफाई शिकायला दोन दिवस लागतात. गंज काढणं, तळ घासणं, धार लावणं हे हाताला बसतं. धंदा मात्र ओळखीवर चालतो. तीच ओळख कशी करायची आणि पार्टचा शोध कसा घ्यायचा, ते आज व्यवस्थित बघू.

आधी थोडा इतिहास, कारण किंमत त्यातच आहे

आज आपण जो लोखंडी रंधा बघतो, त्याची मूळ रचना अमेरिकेतल्या बोस्टनच्या लिओनार्ड बेली यांची. मागचं चाक फिरवून पातं खाली-वर करायची त्यांची पद्धत इतकी चांगली निघाली की १८६९ मध्ये स्टॅनली रूल अँड लेव्हल या कंपनीने त्यांचा धंदा आणि पेटंटचे हक्क घेतले. ही कंपनी कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावची. तेव्हापासून या रंध्यांना ‘बेली पॅटर्न’ म्हणतात.

इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीने १९३१ पासून ‘रेकॉर्ड’ नावाने याच पॅटर्नचे रंधे काढले. त्यांचे नंबरही तसेच, फक्त पुढे शून्य: ०४, ०५, ०६. स्टॅनलीनेही पुढे शेफिल्डमध्ये उत्पादन सुरू केलं, म्हणून काही स्टॅनलीवर ‘मेड इन इंग्लंड’ दिसतं. आपल्याकडे बाजारात मिळणारे भारतीय बनावटीचे लोखंडी जॅक प्लेनही याच पॅटर्नवर बेतलेले आहेत.

म्हणजे चार वेगवेगळ्या घरांत बनलेला माल लांबून एकसारखा दिसतो. गिऱ्हाईक इथेच फसतं, आणि ज्याला फरक कळतो त्याचं दुकान इथूनच सुरू होतं.

पार्टची नावं पाठ करा

पार्ट मागताना “ते मागचं वाकडं असतं ना” असं म्हटलं तर समोरचा काहीतरी देऊन मोकळा होतो. त्यामुळे ही नावं लक्षात ठेवा:

- बॉडी: तळ आणि दोन्ही बाजू, एकसंध बीडाचं ओतकाम.
- फ्रॉग: पातं ४५ अंशांत ज्यावर टेकतं तो तिरका ठोकळा. बॉडीवर दोन स्क्रूंनी बसतो.
- पातं आणि चिपब्रेकर: पात्यावर स्क्रूने आवळलेली दुसरी पट्टी म्हणजे चिपब्रेकर. ढलपी मोडून वर वळवायचं काम तिचं.
- लिव्हर कॅप: वरून दाबून धरणारं झाकण.
- डेप्थ नट: मागचं पितळी चाक.
- वाय लिव्हर: डेप्थ नट आणि चिपब्रेकर यांना जोडणारा, इंग्रजी वाय अक्षरासारखा तुकडा.
- लॅटरल लिव्हर: पातं डावी-उजवीकडे सरळ करायची दांडी. ही १८८० च्या दशकात आली, त्याआधीच्या रंध्यांना नसते.
- नॉब आणि मूठ: पुढची गोल मूठ आणि मागची मूठ.

नंबर सांगतो माप, वय सांगत नाही

बॉडीवर ओतलेला नंबर म्हणजे आकार. आपल्या कामाला लागणारे प्रमुख नंबर असे:

- ३ नंबर: लांबी ८ इंच, पातं पावणेदोन इंच
- ४ नंबर: लांबी ९ इंच, पातं २ इंच
- ५ नंबर, म्हणजे जॅक: लांबी १४ इंच, पातं २ इंच
- ६ नंबर: लांबी १८ इंच, पातं २ ३/८ इंच
- ७ नंबर: लांबी २२ इंच, पातं २ ३/८ इंच
- ८ नंबर: लांबी २४ इंच, पातं २ ५/८ इंच

नंबरच्या पुढे सी असेल तर तळाला लांब खाचा असतात.

आता गंमत बघा. साडेपाच नंबरचं पातं सुरुवातीला सव्वादोन इंचाचं होतं आणि पुढे ते २ ३/८ इंच झालं. तोच नंबर, तीच कंपनी, आणि पातं वेगळं! नुसता नंबर सांगून मागवलेलं पातं एक तर आत जाणार नाही, नाहीतर दोन्ही बाजूंना मोकळं राहील. म्हणून आधी व्हर्निअरने मोजायचं, मग मागवायचं.

वय कसं ओळखायचं?

अमेरिकन स्टॅनली बेली रंध्यांचं संग्राहकांनी ‘टाइप’ करून वर्गीकरण केलंय. टाइप १ ते टाइप २०. रॉजर के. स्मिथ यांचं अमेरिकेतल्या पेटंट रंध्यांवरचं दोन खंडांचं पुस्तक यातला मोठा आधार मानलं जातं. सगळे वीस पाठ करायची गरज नाही. या खुणा आधी बघायला लागा:

१. फ्रॉगच्या मागे बॉडीवर ओतलेल्या पेटंटच्या तारखा. तीन तारखा असतील (मार्च १९०२, ऑगस्ट १९०२ आणि एप्रिल १९१०) आणि पुढचा नॉब बुटका असेल तर तो टाइप ११, म्हणजे साधारण १९१० ते १९१८. या तारखा ओतकामातच असल्याने बदलता येत नाहीत.

२. पुढच्या नॉबची उंची. टाइप ११ पर्यंत बुटका नॉब. १९१९ च्या सुमारास टाइप १२ बरोबर उंच नॉब आला.

३. डेप्थ नटचा व्यास. आधी १ इंच, टाइप १२ पासून सव्वा इंच.

४. नॉबभोवतीची कड. बॉडीवर नॉबच्या बुडाशी उंच रिंग ओतलेली असेल तर रंधा १९२९ नंतरचा.

५. लिव्हर कॅपचं भोक. जुन्या कॅपना साधं, चावीच्या भोकासारखं. १९३३ पासून काजूच्या आकाराचं.

६. पितळ गायब आहे का? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (टाइप १७, १९४२ ते १९४५) पितळेची टंचाई होती. तेव्हा डेप्थ नट कडक रबराचा किंवा लोखंडी आणि ओतकाम जाड. हे माहीत नसलेला माणूस तो रबरी नट ‘डुप्लिकेट’ समजून फेकून देतो आणि चमकता पितळी बसवतो. झालं, त्या रंध्याची खरी ओळखच पुसली.

यातली सगळ्यात महत्त्वाची सवय: वय ठरवताना पात्यावरच्या शिक्क्यावर विसंबू नका. पातं झिजतं आणि बदललं जातं. पात्यावर ‘एसडब्ल्यू’ आणि बदाम, म्हणजे प्रसिद्ध ‘स्वीटहार्ट’ शिक्का, दिसला की विकणारा लगेच किंमत वाढवतो. तो शिक्का १९२० च्या आसपास सुरू झाला. बॉडीवर तीन तारखा, नॉब बुटका आणि पात्यावर बदाम असेल तर पातं नंतर आलेलं असण्याची शक्यता जास्त. आधी बॉडी, मग फ्रॉग, मग लिव्हर कॅप आणि शेवटी पातं, या क्रमाने बघायचं.

दोन मर्यादाही लक्षात असू द्या. कारखाना उरलेला माल वापरून टाकायचा, त्यामुळे दोन टाइपच्या सीमेवरच्या रंध्यांत थोडी सरमिसळ खरीच असते. आणि हे वर्गीकरण अमेरिकन बेली रंध्यांचं आहे. रेकॉर्ड किंवा इंग्लंडच्या स्टॅनलीला ते लावायला गेलात तर उत्तर चुकीचं येणार.

‘बरोबर’ शब्दाचे तीन अर्थ

माझ्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक पार्टला तीन प्रश्न विचारायची पद्धत आहे.

पहिला: बसतो का? आटे जुळतात, रुंदी जुळते, भोकं जुळतात.

दुसरा: चालतो का? बसला तरी काम करेलच असं नाही. उदाहरण चिपब्रेकरचं. त्यात एक चौकोनी खाच असते, वाय लिव्हरचं टोक त्या खाचेत बसतं. दुसऱ्या कंपनीच्या चिपब्रेकरमध्ये ही खाच थोडी वर किंवा खाली असू शकते. रुंदी बरोबर, स्क्रू बरोबर, सगळं आवळून बसतं. आणि मग डेप्थ नट शेवटपर्यंत फिरवला तरी पातं तळाच्या बाहेर येत नाही! म्हणून चिपब्रेकर घेताना टोकापासून खाचेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मागा. फोटोखाली पट्टी ठेवून पाठवायला सांगा.

तसंच जाड पात्याचं. स्टॅनलीचं जुनं पातं साधारण २ मिलिमीटर जाडीचं. नवीन जाड पातं घातलं की तळाच्या फटीत ढलपी अडकते, आणि वाय लिव्हरचं टोक खाचेत पुरेसं पोचत नाही. मग लोक कानस घेऊन फट मोठी करतात. बीड एकदा घासलं की परत येत नाही. रोजच्या कामाच्या रंध्यात मालकाला विचारून हे करा, जुन्या दुर्मिळ बॉडीवर अजिबात नको.

तिसरा: त्याचाच आहे का? म्हणजे त्या काळाचा, त्या टाइपचा. टाइप ११ च्या रंध्यावर आटे जुळत असतील तर सव्वा इंची डेप्थ नट बसेल आणि चालेलही. पण तो त्याचा नाही. सुतारकामाला काही फरक पडत नाही, संग्राहकाला मात्र पडतो.

फ्रॉगच्या बाबतीत तर तिन्ही प्रश्न एकदम उभे राहतात. १९०२ च्या पेटंटनंतर फ्रॉगची बैठक बदलली, त्यामुळे त्याआधीच्या बॉडीवर नंतरचा फ्रॉग नीट टेकत नाही. स्टॅनलीची ‘बेडरॉक’ मालिका (६०४, ६०५ वगैरे) दिसायला बेलीसारखीच, पण तिच्या फ्रॉगची बैठक पूर्ण वेगळी. बेलीचा फ्रॉग बेडरॉकला चालत नाही. सुटा फ्रॉग विकत घेण्याआधी त्याच्या खालच्या बाजूचा फोटो मागितलाच पाहिजे.

आट्यांचं गणित: हार्डवेअरच्या दुकानात हा स्क्रू का मिळत नाही

माझं स्वतःचं हार्डवेअरचं दुकान आहे, तरी सांगतो: हे स्क्रू माझ्या काउंटरवर मिळणार नाहीत. अमेरिकन स्टॅनलीचे नेहमी लागणारे आटे असे:

- मूठ, नॉब आणि फ्रॉगचे स्क्रू: १२-२०. व्यास साधारण ५.५ मिलिमीटर, इंचाला २० आटे.
- लिव्हर कॅपचा स्क्रू: ९/३२-२४. व्यास साधारण ७.१ मिलिमीटर, इंचाला २४ आटे.
- डेप्थ नट: तोच ९/३२-२४, पण उलटे आटे.
- चिपब्रेकरचा स्क्रू: ५/१६-१८, चपटं मोठं डोकं.

आता आपल्या मेट्रिक बोल्टशी ताडून बघा. एम ५ घातला तर सैल, एम ६ घातला तर आत जातच नाही. मग कोणीतरी म्हणतं, “त्यात काय, एम ६ चा टॅप मारून टाकू.” हा टॅप एकदा मारला की मूळ स्क्रू पुढे कधीही बसणार नाही. दहा रुपयांच्या बोल्टसाठी हजारोंची बॉडी बाद करण्याचा हा प्रकार आहे. नवीन आटे पाडणं हा अगदी शेवटचा मार्ग, आणि तोही मालकाच्या परवानगीने.

थ्रेड पिच गेज घ्या, इंची पानं असलेला. तो नसेल तर घरगुती युक्ती: स्क्रूचे आटे कागदावर जोरात दाबा आणि अर्ध्या इंचातल्या रेघा मोजा. १० आल्या तर इंचाला २०, १२ आल्या तर २४. डेप्थ नट जाम असेल तर जोर लावायच्या आधी आट्यांची दिशा आठवा. उलट्या आट्यांचा नट सवयीने डावीकडे फिरवला तर तो सुटायच्या ऐवजी आवळतो.

पार्ट मिळवायचे चार रस्ते

१. डोनर रंधा. बॉडीला तडा गेलेला रंधा कामाला निरुपयोगी, पण त्याचा फ्रॉग, नट, लिव्हर कॅप, स्क्रू सगळं चांगलं असू शकतं. सुट्या पार्टच्या भावात असा अख्खा मोडका रंधा मिळाला तर घ्या. पुण्याचा जुना बाजार, मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट, तुमच्या गावचा भंगारवाला आणि बंद पडलेली सुतारशाळा किंवा पॅटर्न शॉप, इथे असा माल दिसतो. भंगारवाल्याला फोटो दाखवून ठेवा. त्याला वजनाच्या भावापेक्षा दोन पैसे जास्त मिळणार असतील तर तो हातोडा मारायच्या आधी फोन करतो.

२. परदेशातून सुटा पार्ट. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये सुट्या पार्टचे विक्रेते भरपूर आहेत. पण कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून नट कधी कधी रंध्यापेक्षा महाग पडतो. दोन-तीन ऑर्डरचे पार्ट एकत्र मागवा.

३. टर्नरकडून बनवून घेणं. इंची आटे काढणारं लेथ असलेला टर्नर औद्योगिक वसाहतीत शोधा. नमुना, माप आणि आट्यांचा आकडा लिहून द्या. उलटे आटे असतील तर ठळक लिहा. असा पार्ट ‘बसतो’ आणि ‘चालतो’. तो ‘त्याचाच’ म्हणून विकायचा नाही.

४. पार्ट न बदलणं. हा रस्ता लोक विसरतात. मूठ हलते म्हणून नवी मूठ मागायला येणारे बरेच असतात. बऱ्याचदा मूठ चांगली असते, लाकूड वर्षानुवर्षं सुकून थोडं बसलेलं असतं आणि आतली सळई आता लांब पडते. नटाखाली एक लहान वॉशर टाकला की मूठ घट्ट. खर्च दोन रुपये! फिक्या तुटलेल्या टोकालाही शिसवीचा तुकडा चिकटवून आकार देता येतो. जुन्या स्टॅनलीच्या मुठी रोजवूडच्या, त्यामुळे आपली शिसवी रंगाला जवळ जाते.

माहिती कुठून घ्यायची?

जुने कॅटलॉग. स्टॅनलीच्या जुन्या कॅटलॉगची पुनर्मुद्रणं निघाली आहेत, त्यात रंध्याची चित्रं आणि मापं सापडतात. रेकॉर्डसाठी हॅम्प्टन कंपनीनेच १९३४ मध्ये काढलेलं ‘प्लेनक्राफ्ट’ हे पुस्तक आजही उपयोगी आहे. जुनी अमेरिकन पेटंटं मोफत वाचता येतात. इंग्रजी जड वाटलं तरी आकृती बघा, पार्ट कसा काम करतो ते आकृतीतच आहे. अमेरिकेतली मिड-वेस्ट टूल कलेक्टर्स असोसिएशन आणि इंग्लंडमधली टूल अँड ट्रेड्स हिस्टरी सोसायटी या अशा अवजारांच्या अभ्यासकांच्या संस्था आहेत.

आणि चौथा स्रोत तुमच्याच गावात आहे: साठी-सत्तरीतले सुतारकाका. टाइप नंबर त्यांना माहीत नसेल, पण रंधा हातात घेऊन दोन ढलप्या काढल्या की फ्रॉग हलतोय की पातं नीट टेकत नाही, ते सांगतात. चहा पाजा, आणि त्यांच्या वेळेचे पैसेही द्या.

स्वतःची वही ठेवा. प्रत्येक रंध्याचे फोटो, मापं, आटे, कुठला पार्ट कशाला बसला. पन्नास रंध्यांनंतर ही वही तुमचं भांडवल होते.

एक उदाहरण: वडिलांचा रंधा

एक ताई दुकानात वडिलांचा रंधा घेऊन आल्या. वडील सुतार होते. डेप्थ नट गायब, पातं गंजलेलं. त्यांची अट एकच: “चालू करून द्या, पण नवा करू नका. बाबांच्या हाताची मूठ तशीच राहू दे.”

बॉडीवर तीन तारखा, नॉब बुटका. म्हणजे टाइप ११, नट १ इंची पाहिजे. आमच्याकडे सव्वा इंची नट होता, तो घट्ट बसला आणि नीट चालला. ताईंना दोन्ही पर्याय सांगितले: हा आज बसवतो, स्वस्तात, किंवा थांबा, काळाला धरून असलेला शोधतो, जास्त खर्चात आणि कधी मिळेल याची हमी नाही. त्यांनी मोठा नट बसवून घेतला, कारण त्यांच्या मुलाला लगेच वापरायचा होता. पावतीवर आम्ही लिहिलं: “डेप्थ नट मूळ नाही, नंतरच्या काळातला.” सात-आठ महिन्यांनी एका तडा गेलेल्या बॉडीबरोबर लहान नट आला. ताईंना फोन केला, त्या आल्या आणि नट बदलून गेल्या. मोठा नट आम्ही परत घेतला.

त्या व्यवहारात नफा थोडाच झाला. पण त्यानंतर त्यांच्या ओळखीतून तीन रंधे आले. पावतीवरच्या एका ओळीने जे काम केलं, ते जाहिरातीने झालं नसतं.

खरेदीच्या वेळी दोन मिनिटांची तपासणी

- टॉर्च घेऊन तळाच्या फटीचे कोपरे आणि दोन्ही बाजू बघा. तडा तिथेच असतो.
- पितळी रंगाची रेघ दिसली तर ब्रेझिंग करून जोडलेला आहे.
- पात्याची धार आणि खाच यांच्यात किती पोलाद उरलंय? सपाट बाजूला धारेजवळ खोल खड्डे असतील तर पातं बाद धरा.
- वाय लिव्हर अख्खा आहे का? तो बिडाचा असेल तर पटकन मोडतो.
- लिव्हर कॅपचे कोपरे तुटलेत का?
- प्रत्येक स्क्रू थोडा सैल होतो का? कोणी दुसरे आटे पाडलेत का?

काम करताना हात कुठे थांबवायचा

गंजासाठी पाण्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, पुरतं. अधूनमधून काढून बघा, रात्रभर विसरू नका. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. विजेने गंज काढणार असाल तर स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. आणि काम उघड्या हवेत करा.

ग्राइंडर बॉडीला लावू नका. ओतलेली अक्षरं आणि तारखा हाच रंध्याचा जन्मदाखला. चमक आणायच्या नादात तो घासला, तर पुढे कोणालाच वय सांगता येणार नाही. जुना काळा लेप बऱ्यापैकी शिल्लक असेल तर त्यावर नवा रंग मारू नका.

पैशाचं गणित

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे दर टाकून बघा.

- रंधा खरेदी: ₹७००
- डोनरमधून आलेल्या पार्टचा वाटा: ₹४००
- टर्नर: ₹३००
- वॉटर पेपर, ॲसिड, तेल, पॉलिश: ₹१५०
- ये-जा, कुरिअर: ₹१५०
- रोख खर्च: ₹१,७००

आता वेळ. साफसफाई आणि धार ५ तास, ओळख आणि पार्टचा शोध २ तास. तासाला ₹१५० धरले तर ७ तासांचे ₹१,०५०. खरी किंमत झाली ₹२,७५०.

₹२,२०० ला विकला तर वाटतं ₹५०० सुटले. प्रत्यक्षात तासाला ₹७१ पडले. ₹३,५०० ला विकला तर मजुरी निघून वर ₹७५० राहतात. ₹३,५०० देणारं गिऱ्हाईक चमकेसाठी देत नाही. त्याला माहिती पाहिजे असते: हा कुठल्या काळाचा, काय मूळ, काय बदललं, आणि कागदासारखी ढलपी काढतो का.

म्हणून प्रत्येक रंध्याबरोबर एक कार्ड द्या. चार ओळी पुरे: नंबर आणि टाइप. मूळ पार्ट. बदललेले पार्ट, कशाने. केलेलं काम. आणि त्याच रंध्याने काढलेली एक ढलपी कार्डाला टाचा.

एक सावधगिरी. परदेशातल्या गिऱ्हाइकाला होकार द्यायच्या आधी नियम बघा. शंभर वर्षांपेक्षा जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर पुरावशेष आणि कलानिधी कायदा, १९७२ लागू होतो. शिसवीसारख्या लाकडाच्या वस्तूंनाही आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम आहेत. सल्लागाराला विचारूनच पुढे जा.

या आठवड्याचा गृहपाठ

काहीही विकत घेऊ नका. घरातला, शेजारच्या सुतारकाकांचा, कुठलाही एक जुना लोखंडी रंधा हातात घ्या. नंबर, तारखा, नॉबची उंची, नटचा व्यास, पात्याची रुंदी, चिपब्रेकरची खाच, आटे, सगळं वहीत लिहा. मग प्रत्येक पार्टसमोर तीन रकाने आखा: बसतो, चालतो, त्याचाच आहे. तिसरा रकाना भरताना जिथे अडाल, तिथून तुमचा अभ्यास सुरू.

पुढच्या व्हिडिओत डेप्थ नटचं ड्रॉइंग टर्नरला कसं लिहून द्यायचं ते दाखवतो. तोपर्यंत वही घ्या, व्हर्निअर घ्या, आणि लागा कामाला!